वाहनातील जादा उपकरणे आणि किल्लीवर चालणारा रिले

ग्रामपंचायतीची घंटागाडी, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप किंवा शाळेची बस, यांपैकी कोणतेही वाहन कारखान्यातून जसे बाहेर पडते तसे ते फार काळ राहत नाही. घंटागाडीवर कर्णा आणि ध्वनिवर्धक बसविला जातो. रुग्णवाहिकेत रुग्णाच्या डोक्यावर दिवा, पंखा आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय येते. घाटरस्त्याने फिरणाऱ्या जीपला धुक्याचे दिवे लागतात. ही सर्व कामे गरजेपोटी होतात व त्यांत गैर असे काहीच नाही. गैर असते ते ही उपकरणे जोडण्याच्या पद्धतीत. बहुतेक वेळा गॅरेजमधील मुलगा बॅटरीच्या धन टोकाला एक वायर गुंडाळतो, तिच्यात एखादे बटण घालतो आणि काम झाले असे सांगतो. कर्णा वाजतो, दिवा लागतो, देयक मंजूर होते. पुढे एखाद्या सोमवारी सकाळी घंटागाडी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, तेव्हा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो आणि नवी बॅटरी खरेदी होते. मूळ दोष जागच्या जागी राहतो.

साधा हिशेब केला तरी हे ध्यानात येते. समजा, घंटागाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तास क्षमतेची आहे आणि ध्वनिवर्धक आवाज न करता नुसता चालू राहिला तरी अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. शुक्रवारी सायंकाळी सात वाजता चालकाने तो बंद करावयाचे विसरून गाडी कार्यालयाच्या आवारात उभी केली, तर सोमवारी सकाळी सात वाजेपर्यंत ६० तास होतात आणि त्या अवधीत ३० अँपिअर-तास वीज निघून जाते. उरलेल्या विजेवर इंजिन फिरविणारा स्टार्टर चालेलच असे नाही, कारण तो त्या काही क्षणांपुरता शंभर अँपिअर आणि त्याहूनही अधिक प्रवाह मागतो. शिवाय शिशाची बॅटरी वरचेवर अशी रिकामी होऊ लागली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो व तिचे आयुष्य झपाट्याने घटते. घंटागाडी उशिरा निघाली तर फार तर कचरा दुपारी उचलला जाईल. परंतु हीच गोष्ट रुग्णवाहिकेच्या बाबतीत मध्यरात्री घडली आणि बाळंतपणासाठी अडलेली स्त्री तालुक्याच्या गावी न्यावयाची असली, तर त्या एका विसरलेल्या बटणाची किंमत रुपयांत मोजता येणार नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय असा की, उपकरणाचा प्रवाह सरळ गाडीच्या किल्लीच्या स्विचमधूनच घ्यावा. म्हणजे किल्ली काढली की उपकरण आपोआप बंद होईल. कल्पना बरोबर आहे, पण तशी जोडणी करणे मात्र धोक्याचे आहे. किल्लीच्या मागे असलेल्या स्विचमधील तांब्याचे स्पर्शबिंदू ठरावीक भार डोळ्यांपुढे ठेवून बनविलेले असतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह घेतात. एवढा जादा भार रोज त्या स्विचमधून गेला तर स्पर्शबिंदू तापतात, काळवंडतात, भोवतीचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि एके दिवशी चालत्या गाडीचे इंजिनच बंद पडते. वीज बॅटरीकडून सरळ घ्यावी तर विसरण्याची भीती आणि किल्लीतून घ्यावी तर जळण्याची, अशा या पेचातून रिले हे छोटेसे साधन मार्ग काढते. प्रवाह बॅटरीकडूनच यावा, परंतु तो येऊ द्यावयाचा की नाही हे किल्लीने ठरवावे, अशी ही योजना आहे.

रिले म्हणजे काय

रिलेची कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास विद्युतचुंबकाच्या साहाय्याने दुर्बळ प्रवाहाकडून दुसरा सबळ प्रवाह सुरू करून दाखविला, आणि पुढे तारायंत्राच्या लांब मार्गावर हीच युक्ती कामी आली. दूरवरून येताना क्षीण झालेला संदेश मधल्या ठाण्यावर ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे पाठविला जाई. ‘रिले’ हा शब्दही मुळात टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे बदलण्याच्या प्रथेवरून आलेला आहे. डाकेच्या चौक्यांवर थकलेला घोडा सोडून ताजा घेण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नव्हती, त्यामुळे हा अर्थ मराठी वाचकाला सहज उमगेल.

मोटारीतील रिले साधारण काडेपेटीच्या अर्ध्या आकाराची काळी डबी असते. आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेले असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो, वरची लोखंडी पट्टी खाली ओढतो आणि त्या पट्टीच्या टोकावरील जाड स्पर्शबिंदू दुसऱ्या स्पर्शबिंदूला जाऊन भिडतो. ‘टक्’ असा आवाज येतो तो याच भिडण्याचा. प्रवाह थांबताच स्प्रिंग पट्टीला परत वर खेचते. शाळेत विद्युतघंटा शिकविणाऱ्या शिक्षकांना यात नवीन काहीच वाटणार नाही. फरक इतकाच की, घंटेत पट्टी स्वतःचाच प्रवाह तोडते म्हणून ती थरथरत राहते. रिलेत ती दुसऱ्याच परिपथाचा प्रवाह जोडते म्हणून स्थिर राहते. १२ व्होल्टच्या सामान्य रिलेतील वेटोळ्याचा रोध ८० ते ९० ओहमच्या आसपास असतो. म्हणजे त्याला जेमतेम ०.१५ अँपिअर प्रवाह पुरतो आणि तेवढ्या आज्ञेवर तो ३० किंवा ४० अँपिअरचा प्रवाह हाताळतो. किल्लीच्या स्विचला हा ०.१५ अँपिअरचा भार जाणवतही नाही. (शाळेला एखादा जुना रिले भंगारवाल्याकडून मिळाला, तर त्याची डबी कापून तो वर्गात दाखविण्यासारखा आहे.)

रिलेच्या तळाशी चपट्या पिना असतात आणि त्यांच्या शेजारी आकडे कोरलेले असतात. हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आलेले असून आज भारतातील गाड्यांतही तेच रूढ आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा प्रवाह. ८७ म्हणजे उपकरणाकडे जाणारा. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. काही रिलेंना ८७-ए अशी पाचवी पिन असते. रिले शांत असताना ३० चा संबंध या पिनेशी असतो. तिचा उपयोग आपल्या कामात नाही, आणि चुकून तिलाच वायर जोडली तर सगळे उलटे होते, म्हणजे किल्ली बंद असताना उपकरण चालू आणि किल्ली फिरविताच बंद. हा प्रकार दिसला तर रिले बिघडला असे समजू नये, वायर जागा चुकली आहे एवढेच.

जोडणीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेले टोक, सोडवून बाजूला ठेवावे आणि सर्व काम तपासून झाल्यावर अगदी शेवटी ते परत जोडावे. धन टोकावर पाना चालविताना तो बॉडीला लागला तर ठिणगीचा लोळ उठतो. ऋण टोक आधीच सुटलेले असले तर ती भीती राहत नाही.

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली मुख्य वायर प्रथम फ्यूजमध्ये जाते व तेथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असला पाहिजे. याविषयी बराच गैरसमज आढळतो. उपकरण जपण्यासाठी फ्यूज असतो असे समजून तो उपकरणाजवळ बसविला जातो. वस्तुतः फ्यूज हा वायर जपण्यासाठी असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर कोठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर तिला रोखणारे मध्ये काहीच नाही. बॅटरीतील सर्व शक्ती त्या वायरीतून वाहते, ती निखाऱ्यासारखी लाल होते आणि इंजिनजवळच्या तेलकट धुळीला आग लागण्यास मग वेळ लागत नाही. म्हणून हा बिनसंरक्षणाचा तुकडा शक्य तितका आखूड ठेवावयाचा.

८७ क्रमांकाच्या पिनेपासून निघालेली वायर उपकरणाच्या धन टोकाला जाते. उपकरणाचे ऋण टोक बॉडीला. जेथे ते जोडावयाचे तेथील रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, थिंबल घालून नटबोल्टने आवळावे आणि वरून थोडे ग्रीस लावावे. दिवा मंद लागतो, कर्णा खरखरतो अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा या अर्थिंगमध्येच सापडते.

आता वेटोळ्याकडे वळू. ८५ क्रमांकाची पिन बॉडीला जोडावी. ८६ ला अशी वायर आणावी जी किल्ली फिरविल्यावरच जिवंत होते. त्या वायरीत डॅशबोर्डवर एक छोटे बटण आणि त्याआधी ३ अँपिअरचा लहान फ्यूज घालावा. म्हणजे उपकरण चालू होण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात: किल्ली फिरलेली असली पाहिजे आणि बटणही दाबलेले असले पाहिजे. बटण विसरले तरी किल्ली काढताच वेटोळे निष्प्रभ होते. या बटणातून अल्प प्रवाह जात असल्याने ते महागाचे असण्याचे कारण नाही; मात्र घरातल्या भिंतीवरचे बटण आणून बसवू नये, ते गाडीच्या हादऱ्यांत टिकत नाही. वेटोळ्याचा प्रवाह तुटताना उलट दिशेने व्होल्टेजचा क्षणिक झटका उठतो. त्याने नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भागांना इजा पोहोचू नये म्हणून आत डायोड असलेला रिले घेणे श्रेयस्कर असते. अशा रिलेत ८६ धन आणि ८५ ऋण हा नियम डबीवरील आकृती पाहून काटेकोरपणे पाळावा लागतो.

किल्लीवर जिवंत होणारी वायर शोधण्यासाठी तपासणीचा दिवा किंवा मल्टिमीटर वापरतात. जुन्या जीपमध्ये हे सोपे होते. अलीकडच्या गाड्यांत मात्र इंजिन आणि दिवे यांचे नियंत्रण संगणकासारख्या घटकांकडे असते आणि कोणत्याही वायरीचे आवरण कापून त्यातून प्रवाह घेतला तर भलताच दोष उद्भवतो. अशा गाडीत फ्यूजच्या पेटीतील योग्य खाचेतून, त्यासाठी मिळणारा जोड वापरून प्रवाह घ्यावा. पिवळ्या आवरणातील वायरी सामान्यतः एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

किल्लीच्या स्विचला साधारणतः बंद, अ‍ॅक्सेसरी, चालू आणि स्टार्ट अशा जागा असतात. ध्वनिवर्धकासाठी अ‍ॅक्सेसरी ही जागा सोयीची, कारण इंजिन बंद ठेवून वस्तीत थांबता येते. धुक्याच्या दिव्यांसाठी ‘चालू’ ही जागा योग्य होय. किल्ली ‘स्टार्ट’वर असताना बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सेसरीचा प्रवाह क्षणभर तोडला जातो, जेणेकरून सारी शक्ती स्टार्टरला मिळावी. घंटागाडीचे स्वच्छतेचे गाणे दर थांब्यानंतर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू का होते, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. नागरिकांना ते पाठ झाले असल्यास त्याचे श्रेय काही अंशी या स्विचलाही द्यावे लागेल.

वायरीची जाडी

गॅरेजमध्ये हाताला लागेल ती वायर वापरण्याची सवय फार महागात पडते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला ०.०१७ ओहमच्या थोडा वर असतो. अशा पाच मीटर वायरीतून १० अँपिअर प्रवाह गेला तर सुमारे ०.८६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर हाच तोटा ०.३५ व्होल्टपर्यंत खाली येतो. घरातील २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यात एका व्होल्टचा तोटा कोणाच्या लक्षातही येणार नाही. बारा व्होल्टमध्ये तो दिव्याच्या तेजावर लगेच दिसतो. म्हणून ५५ वॅटच्या दोन दिव्यांसाठी अडीच चौरस मिलिमीटरची अनेकपदरी वायर आणि १५ अँपिअरचा, म्हणजे निळ्या रंगाचा फ्यूज घ्यावा. फ्यूज उपकरणाच्या प्रवाहापेक्षा थोडा मोठा परंतु वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान, हे प्रमाण सोडू नये. तो पुनःपुन्हा उडू लागल्यास हिरवा, ३० अँपिअरचा बसवून मोकळे होणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपावयास सांगण्यासारखे आहे. घरगुती फिटिंगमधील एकाच जाड तारेची वायर गाडीत चालत नाही, कारण ती हादऱ्यांनी मोडते.

वायरीइतकेच महत्त्व जोडांना आहे. नुसती पिळून वर टेप गुंडाळलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहमपर्यंत वाढला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह वाहत राहिला, तर त्या एका जागी २० वॅट उष्णता निर्माण होते. एखाद्या लहान सोल्डरिंग इस्त्रीइतकी ही उष्णता टेपच्या आत कोंडलेली असते. जोड क्रिंप करून घ्यावा आणि त्यावर आवरणाची नळी चढवावी. कोकणातील दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवट गंज चढावयास एक पावसाळा पुरतो. रिले बसविताना त्याच्या पिना खाली येतील असा बसवावा म्हणजे पाणी आत साचत नाही. उंदरांचा उपद्रव असलेल्या ठिकाणी सर्व वायरी पन्हळी नळीतून न्याव्यात.

एस.टी. बस व बहुतेक मोठे ट्रक २४ व्होल्टवर चालतात. तेथे १२ व्होल्टचा रिले लावला तर वेटोळे थोड्याच वेळात जळते. ट्रॅक्टर मात्र १२ व्होल्टचाच असतो.

सर्वच उपकरणे किल्लीवर नकोत

रुग्णवाहिकेच्या बाबतीत एक विवेक बाळगावा लागतो. अपघाताच्या ठिकाणी चालक इंजिन बंद करून किल्ली खिशात घालतो आणि स्ट्रेचर घेऊन धावतो. त्या वेळी छतावरचा इशाऱ्याचा दिवा विझला तर मागून येणाऱ्या वाहनांना धोका दिसणार नाही. रुग्णकक्षातील दिवा किंवा घशातील स्राव ओढून घेणारे यंत्र किल्लीसोबत बंद होणे तर सर्वथा अनिष्ट होय. अशी उपकरणे किल्लीशी बांधू नयेत. त्यांच्यासाठी दुसरी स्वतंत्र बॅटरी ठेवावी व दोन बॅटऱ्यांच्या मध्ये असा मोठा रिले घालावा की, इंजिन चालू असताना दोन्ही भरल्या जातील आणि इंजिन बंद होताच त्या परस्परांपासून अलग होतील. मग रुग्णकक्षातील बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन सुरू करणारी बॅटरी शाबूत राहते. वाहनाचा ठावठिकाणा कळविणाऱ्या यंत्रालाही अखंड वीज लागते. त्याच्या जोडणीत फेरफार करू नये.

इन्व्हर्टरचा विचारही वेगळा. त्याच्यावर ३०० वॅटचे उपकरण चालवावयाचे तर १२ व्होल्टकडून २५ अँपिअर आणि इन्व्हर्टरमधील तोटा धरून ३० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. हा भार साध्या रिलेच्या अगदी कडेवर येतो, म्हणून त्याला अधिक क्षमतेचा रिले व जाड केबल लागते.

कायद्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. १ मे २०१७ पासून अधिकारी व पदाधिकारी यांच्या गाड्यांवरील लाल दिवे काढण्यात आले असून इशाऱ्याचे दिवे रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांसारख्या आपत्कालीन सेवांपुरते राहिले आहेत. निरनिराळ्या सुरांत वाजणारा हॉर्नही इतर वाहनांना वर्ज्य आहे. जोडणी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली तरी अशा वस्तूंचे देयक मंजूर करणाऱ्याने हे पाहिले पाहिजे.

काम ताब्यात घेताना

ग्रामपंचायतीने दरपत्रक मागविताना ‘लाइट फिटिंग, एक नग’ एवढ्यावर समाधान मानू नये. रिले होल्डरसह, बॅटरीजवळ फ्यूज, वायरीचा छेद चौरस मिलिमीटरमध्ये आणि क्रिंप केलेले जोड, हे शब्द दरपत्रकात असावेत. दिवे आणि कर्णे यांच्या किमतीशी ताडून पाहता या वस्तूंचा खर्च किरकोळच असतो.

काम पूर्ण झाल्यावर ग्रामसेवकाने किंवा सदस्याने समक्ष तपासणी करावी. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. बटण चालू ठेवून किल्ली काढावी, उपकरण तत्काळ बंद झाले पाहिजे. बॅटरीजवळचा फ्यूज उपसावा, उपकरण चालता कामा नये. तरीही चालले तर प्रवाह दुसऱ्याच वाटेने येत आहे. सर्व उपकरणे अर्धा तास चालू ठेवून वायरी, फ्यूजचा होल्डर आणि रिले यांना हात लावून पाहावा. रिले कोमट लागणे स्वाभाविक आहे, वायर किंवा होल्डर गरम लागणे स्वाभाविक नाही. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा.

जोडणीची आकृती एका कागदावर काढून घेऊन ती वाहनाच्या लॉगबुकात चिकटवावी, कारण चालक बदलतात, गॅरेजही बदलते. लॉगबुकासोबत दोन जादा फ्यूज आणि एक जादा रिले ठेवावा. तो नसेल आणि रात्री वाटेतच दिव्यांचा रिले निकामी झाला, तर हॉर्नचा रिले काढून पाहावा. दोन्हींचे व्होल्ट, क्षमता आणि पिनांची मांडणी जुळत असेल, तर तो दिव्यांच्या होल्डरमध्ये बसवून तालुक्यापर्यंतचा रस्ता उजेडात काढता येतो.